तुटक रेघ कुठे मारायची?

तासगावकडच्या मराठी शाळेतून दहावी करून मी सांगलीत अकरावी सायन्सला आलो. पहिल्याच चाचणीत पाण्यातला हायड्रोजन बंध, म्हणजे शेजारच्या रेणूंमधली तुटक रेघेनं दाखवायची ओढ, काढायला सांगितला. मी एकच रेणू काढला आणि त्याच्याच ऑक्सिजन-हायड्रोजनमध्ये तुटक रेघ मारली. शून्य. बाकावरच्या जोडीदारानंही तेच केलं होतं, तेवढाच दिलासा.

घोळ शब्दांचा होता. इंटर (दोघांमधलं) आणि इंट्रा (एकाच्याच आतलं) मला एकच वाटायचं. दिवाळीत घरी गेलो, तर शेजारच्या बाईंच्या आंतरजिल्हा बदलीची चर्चा चाललेली. म्हणजे या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात! तसंच आंतररेण्वीय म्हणजे या रेणूपासून त्या रेणूपर्यंत. तेव्हापासून मी आधी दोन रेणू काढतो. आतले बंध सलग रेघेनं. तुटक रेघ एकाच्या हायड्रोजनपासून शेजाऱ्याच्या ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोडीपर्यंत. (एकाच रेणूच्या आतला हायड्रोजन बंधही असतो, ऑर्थो-नायट्रोफिनॉल नावाच्या संयुगात.)

दुसरी चूक नवी पोरं हमखास करतात: पाणी उकळलं की रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन (ओ-एच) बंध तुटतो म्हणतात. मग चहाच्या आधणातून हायड्रोजन निघाला असता की! ओ-एच तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, हायड्रोजन बंधाला जेमतेम २०. उकळताना सुटतात त्या तुटक रेघा.

हे पटलं ते इथेनॉलमुळे. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून बनतं तेच. ते ७८ अंशांना उकळतं. डायमिथाइल ईथरमध्येही दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पण ते उणे २४ अंशांनाच वायू होतं. कारण ईथरचे सगळे हायड्रोजन कार्बनला चिकटलेले, इथेनॉलचा एक मात्र ऑक्सिजनला. नुसता ऑक्सिजन असून भागत नाही, हायड्रोजन थेट त्याला जोडलेला हवा. फ्लोरिन आणि नायट्रोजनचंही तसंच. लंडन बलं (रेणूंमधली क्षणिक, साधारण दुबळी ओढ) मात्र सगळ्याच रेणूंत असतात, ती विसरू नका.

मला सगळ्यात जास्त छळलं एचएफनं, म्हणजे हायड्रोजन फ्लोराइडनं. फ्लोरिन इलेक्ट्रॉन जास्त ओढणारा, त्याचा हायड्रोजन बंध पाण्यापेक्षा बळकट, तरी उकळतं २० अंशांच्या आसपास! सर म्हणाले, "अरे, रेघा मोज." मोजल्या. पाण्याच्या रेणूकडे दोन हायड्रोजन, दोन मोकळ्या जोड्या, म्हणजे चार शेजारी. एचएफकडे मोकळ्या जोड्या तीन, पण हायड्रोजन एकच; त्यामुळे सरासरी दोनच शेजारी, म्हणून उकळतंही लवकर.