आई किंवा वडील तुरुंगात असताना मुलांशी त्यांचे नाते कसे टिकवावे

हे मार्गदर्शन मुख्यतः मूल सध्या ज्यांच्याकडे राहते त्यांच्यासाठी आहे. मग ती आजी असो, मावशी असो, काका असोत किंवा घरी असलेला दुसरा पालक असो. तुरुंगातील पालकाच्या हाती फार थोडे उरते. त्याने लिहिलेले पत्र मुलाला वाचून दाखवले जाते की नाही, फोन आला तेव्हा मूल घरी असते की नाही, भेटीला त्याला कोणी घेऊन येते की नाही, हे सारे बाहेरच्या माणसावर अवलंबून असते. वर्षातून एखादी मोठी, भावुक भेट घडवण्यापेक्षा ठरलेल्या वेळी येणारे साधे पत्र आणि ठरलेल्या दिवशी होणारे पाच मिनिटांचे बोलणे मुलाला अधिक आधार देते, कारण आई किंवा बाबा पुन्हा कधी भेटतील हे त्याला आधी माहीत असते.

पहिले काम म्हणजे मुलाला खरे सांगणे. ‘बाबा कामासाठी दूर गेले आहेत’ हे उत्तर मोठ्यांची तात्पुरती सुटका करते. पण मूल शाळेत, शेजारी किंवा मोबाइलवर कधीतरी खरे ऐकतेच, आणि मग पालक दुरावल्याच्या दुःखात घरच्यांनी फसवल्याचे दुःख मिसळते. शिवाय, काम संपूनही बाबा येत नाहीत म्हणजे त्यांना आपण नकोसे झालो, असाही अर्थ मूल लावू शकते. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरते: ‘मोठ्या माणसांसाठी नियम असतात, त्यांना कायदा म्हणतात. बाबांनी कायदा मोडला असे न्यायालयाने ठरवले, म्हणून त्यांना तुरुंगात राहावे लागते आहे.’ खटला अजून चालू असेल, तर निकाल लागलेला नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. गुन्ह्याचा तपशील वयानुसार आणि मूल विचारील तेवढाच द्यावा. मात्र काही प्रश्नांची उत्तरे मुलाने विचारण्याची वाट न पाहता द्यावीत: हे माझ्यामुळे झाले का, त्यांना तिथे जेवायला आणि झोपायला मिळते का, आता माझ्याकडे कोण बघणार. सुटकेची तारीख निश्चित नसेल, तर ‘लवकरच येतील’ असे म्हणू नये. त्याऐवजी पुढचे पत्र किंवा पुढची भेट कधी होईल, ते सांगावे.

बाहेरच्यांना काय सांगायचे हे मुलाशी बोलून आधीच ठरवावे. ‘ते सध्या आमच्यासोबत राहत नाहीत, मला त्याबद्दल बोलायचे नाही’ हे वाक्य खोटे नाही आणि मुलाला ते सहज म्हणता येते. शाळेतील एका विश्वासू शिक्षकाला परिस्थितीची कल्पना द्यावी. सर्वांना सांगण्याची गरज नाही.

संपर्काच्या साधनांत पत्राला मी सर्वांत वरचे स्थान देतो. फोन कट होतो, भेटीची वेळ संपते. पत्र मात्र मुलाच्या उशाखाली राहते आणि हवे तेव्हा पुन्हा वाचता येते. तुरुंगातील पालकाने ‘कसा आहेस, नीट अभ्यास कर’ एवढेच लिहिले, तर मुलाला उत्तर सुचत नाही. ‘मागच्या पत्रात तू काढलेल्या कुत्र्याचे नाव काय ठेवलेस’ असे विचारले, तर सुचते. त्यासाठी पालकाला मुलाच्या रोजच्या आयुष्याची माहिती हवी, आणि ती पुरवणे हे सांभाळणाऱ्याचे काम आहे. मैत्रिणीचे नाव, पडलेला दात, प्रगतिपुस्तकाची प्रत, नावडता विषय, हे सारे कळवत राहावे. पत्रे उशिरा किंवा मागेपुढे पोहोचतात, म्हणून त्यांवर क्रमांक घालावेत. ती अधिकारी वाचू शकतात हे ध्यानात ठेवून खटल्याविषयी काही लिहू नये, आणि स्टिकर, चमकी किंवा चिकटवलेल्या वस्तू चालतात का, हे आधी विचारून घ्यावे. पालकाला लिहिता येत नसेल, तर सहबंदी किंवा स्वयंसेवक लिहून देऊ शकतो, चित्रही पुरते. ब्रिटनमध्ये स्टोरीबुक डॅड्स ही संस्था तुरुंगातील पालकांच्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित करून त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचवते. अशी सोय जवळपास कुठे असेल, तर ती जरूर वापरावी.

फोनची वेळ मुलाच्या झोपेची किंवा परीक्षेच्या अभ्यासाची नसावी. आठवड्यात सांगण्यासारखे जे जे घडेल, ते एका कागदावर टिपून ठेवले की मोजकी मिनिटे शांततेत वाया जात नाहीत. पैसे, वकील आणि घरातील भांडणे यांविषयी मुलाच्या वाट्याच्या वेळेत बोलू नये.

प्रत्यक्ष भेटीची तयारी घरीच करावी लागते. ओळखपत्र, मुलाशी नाते दाखवणारा कागद, पूर्वपरवानगी, चालणारे कपडे आणि आत नेता येणाऱ्या वस्तू यांची चौकशी आधीच करावी, कारण दारातून परत पाठवले जाणे मुलाला फार लागते. त्यानंतर तिथे काय दिसेल ते त्याला क्रमाने सांगावे: बराच वेळ थांबावे लागेल, झडती होईल, मध्ये काच किंवा जाळी असू शकेल, कदाचित हात लावता येणार नाही, आईचे केस किंवा कपडे वेगळे दिसतील. समोरासमोर बसण्याची सोय मिळत असेल, तर लहान मुलासाठी तीच मागावी. भेटीची पहिली मिनिटे मुलाची असावीत. दोन वर्षांचे मूल पालकाला ओळखणार नाही, आजीच्या पदराआड लपेल. पालकाने ते मनाला लावून न घेता मुलाला आपणहून जवळ येऊ द्यावे. निघण्याच्या थोडे आधी कल्पना द्यावी आणि निरोपाची एक ठरलेली पद्धत ठेवावी. घरी आल्यावर मूल चिडचिड करील, रडेल, कदाचित अंथरूण ओले करील. बरेच जण त्यावरून भेटी बंद करतात, आणि मला ही घाई वाटते. विरहाचे दुःख असेच बाहेर पडते. त्रास अनेक भेटींनंतरही तितकाच राहिला, तर समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

भेट नाकारली गेली किंवा तुरुंग फार दूर असेल, तर लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी आणि मागणी कोणत्या नियमांच्या आधारे केली आहे ते त्यात नोंदवावे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या अनुच्छेद 9 प्रमाणे पालकांपासून वेगळ्या झालेल्या मुलाला, त्याच्या हिताला बाधा येत नसेल तर, दोघांशीही नियमित संपर्काचा हक्क आहे. बंद्यांना कसे वागवावे यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील 43 वा नियम शिक्षा म्हणून कुटुंबाशी संपर्क बंद करण्यास मनाई करतो, तर 59 वा नियम शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवण्यास सांगतो. महिला बंद्यांसाठीच्या 2010 च्या बँकॉक नियमांतील 28 वा नियम आई आणि मुलाच्या मोकळ्या, आडकाठीविना भेटीचा आहे. हे दोन्ही नियमसंच कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, तरी अर्जात त्यांचा उल्लेख असला की नकाराचे कारण देणे अधिकाऱ्याला भाग पडू शकते.

काही वेळा संपर्क न ठेवणेच योग्य असते. पालकाने मुलावर किंवा त्याच्यासमोर हिंसा केली असेल, अथवा न्यायालयाने मनाई केली असेल, तर मुलाची सुरक्षितता पहिली. मूल स्वतःच नको म्हणत असेल, तर बळजबरी करू नये. त्याचा राग खरा आहे. आलेली पत्रे मात्र जपून ठेवावीत आणि ती आहेत हे त्याला सांगावे, म्हणजे पुढे मन बदलले तर ती वाचता येतील. मुलासमोर पालकाची निंदा करू नये, तसेच तो निर्दोष असल्याचे खोटे चित्रही उभे करू नये.

सुटका जवळ आली की तयारी पुन्हा सुरू करावी. तुरुंगात गेलेल्या पालकाच्या मनात मूल अजून तेवढेच लहान असते, आणि घरी बारा वर्षांची मुलगी दार उघडते. तिच्या वेळा, तिची खोली, शिस्त लावणारे माणूस हे सगळे दरम्यान ठरलेले असते. पहिले काही महिने रागावण्याचा आणि परवानगी देण्याचा अधिकार तिला सांभाळणाऱ्याकडेच राहू द्यावा. परत आलेल्या पालकाने शाळेत सोडणे किंवा रात्री गोष्ट वाचणे असे एखादे रोजचे काम घ्यावे आणि ते न चुकता करावे.