एमएस्सी फिजिक्सला नवीन आलायत? "असं असेल तर?" हे सोडू नका, पण एक खड्डा आहे

सातारा-सांगलीकडच्या कॉलेजातून बीएस्सी करून एमएस्सीला आलेल्यांसाठी लिहितेय. क्वांटम, न्यूक्लियरचं बेसिक येतं असं धरते.

आपल्याकडे फिजिक्स म्हणजे डेरिव्हेशन. पेपरला डेरिव्हेशन, नेट परीक्षेला न्यूमेरिकल, आणि मधेच कुणी "सर, असं असेल तर?" विचारलं की उत्तर ठरलेलं, आधी नेट काढ मग विचार कर. मला हे आजही पटत नाही. नेट काढाच, फेलोशिप नसली की घरी काय काय ऐकावं लागतं ते मला माहितीय, पण अंदाज बांधायची सवय दोन वर्षं बंद ठेवली की परत यायला फार त्रास देते.

आता तो खड्डा. कल्पना सुचते, एका न जुळणाऱ्या गोष्टीचं उत्तर तिच्यातून मिळतं आणि वाटतं की झालं. मी यातच सगळ्यात जास्त अडकले म्हणून परत परत सांगते, उत्तर मिळालं म्हणजे काही झालेलं नसतं. एका प्रश्नाला बसणारी उत्तरं ढीगभर करता येतात.

बीटा डिकेचंच घ्या, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो ते. इलेक्ट्रॉन एकाच ठराविक एनर्जीने यायला हवा होता, येत होता शून्यापासून एका मर्यादेपर्यंत कुठल्याही एनर्जीने, हाच त्याचा स्पेक्ट्रम. पहिला अंदाज साधा, बाहेर पडताना वाटेत एनर्जी गमावत असेल. एलिस आणि वूस्टर यांनी १९२७ मध्ये सोर्सच कॅलरीमीटरमध्ये ठेवून सगळी उष्णता मोजली. वाटेत गमावलेली एनर्जी पण त्यात सापडायला हवी होती, म्हणजे दर डिकेमागे कमाल एनर्जीएवढा आकडा. आला स्पेक्ट्रमच्या सरासरीएवढा. अंदाज गेला. मग बोर म्हणाले, अणुकेंद्रात एनर्जी दर वेळी जपली जात नसेल, फक्त सरासरीत जपली जात असेल. पाउलींनी ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात लिहिलं की चार्ज नसलेला, अर्ध्या स्पिनचा एक हलका कण उरलेली एनर्जी घेऊन जात असेल. दोन्ही निव्वळ कल्पना, आणि तो स्पेक्ट्रम दोन्हींनी समजतो! फक्त पटण्यावर ठरवायचं तर आपण कायमचे अडकलो असतो. फरक एका ठिकाणी पडतो. एनर्जी सरासरीतच जपली जात असेल तर एखाद्या इलेक्ट्रॉनला मर्यादेपेक्षा कितीही जास्त मिळायला हरकत नाही, पण कण असेल तर वरच्या टोकाला पक्की मर्यादा हवी, कारण कण एनर्जी घेऊन जातो, आणून देत नाही. मोजमापात पक्की मर्यादाच निघाली.

आणि अंदाज चुकेल म्हणून घाबरणाऱ्यांसाठी, त्याच पत्रात पाउलींना नायट्रोजन-१४ च्या स्पिनचा घोळही (मोजलेला स्पिन तेव्हाच्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनच्या हिशोबात बसत नव्हता) त्याच कणाने सोडवायचा होता. तो काही त्याने सुटला नाही, १९३२ मध्ये न्यूट्रॉन सापडल्यावर सुटला. म्हणजे पाउलींचा अंदाजसुद्धा अर्धाच लागला, तरी उरलेल्या अर्ध्यातून न्यूट्रिनो, म्हणजे तोच हलका कण, मिळाला. थेट पुरावा १९५६ मध्ये, रिअ‍ॅक्टरजवळ, रेइन्स आणि कोवन यांना. पुढे १९६५ मध्ये आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोल, वातावरणातले न्यूट्रिनो पकडले गेले.

तसंच आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांचं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉईल यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थिती विश्वाची, म्हणजे विश्व एकंदरीत कायम सारखंच असतं या कल्पनेची, बाजू धरून ठेवली, बहुतेकांनी ती मानली नाही, पण पूर्वीचं विश्व आताच्यासारखंच दिसायला हवं हे त्यात स्पष्ट होतं म्हणून आकाशातले रेडिओ स्रोत मोजून ते तपासता आलं, आणि मोजणी त्याच्या विरोधात गेली. अशी चूक मला कुठलंच भाकीत न करणाऱ्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. मल्टिव्हर्सचे व्हिडिओ बघून थिअरी सुचल्याचं सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, व्हिडिओने उत्साह येतो, काय मोजायचं ते कळत नाही.

गाईड निवडताना नाव, पेपरांची संख्या नंतर बघा. तुमचा अंदाज ऐकून "बरं, मग मोजायचं काय?" असं विचारणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका, मग तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असो नाहीतर तुमच्याच कॉलेजच्या लॅबमध्ये.

सुरुवात करायची तर न्यूक्लियरच्या पुस्तकातलं बीटा डिकेचं प्रकरण काढा, आपल्याला १९३० पर्यंतचंच माहितीय असं धरा आणि वर आलेल्यांपेक्षा वेगळा एक अंदाज स्वतः वहीत लिहा. त्याच्या खाली लिहा की कुठला आकडा काय आला तर मी हा सोडेन. ती ओळ दोन दिवस सुचणार नाही, चालेल, ती सुचेपर्यंत पान उलटू नका.