विमानाची नोंदणी आणि एक चुकलेला ‘एस’

माझी पहिली नोकरी जुहूजवळच्या, विमानांच्या नोंदणीचे कागद करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात. तीन टेबलं, एक कपाट आणि भिंतीवर कुठल्याशा टायर कंपनीचं जुनं कॅलेंडर. एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनियरचा, कोर्स करून सांगलीहून आलेल्या मुलीला वाटलं होतं, हातात स्पॅनर मिळेल. मिळाली एक फाइल. सर म्हणाले, “आधी कागद शीक. विमान नंतर.” तेव्हा राग आला होता. आता या कामात काही वर्षं गेल्यावर नवीन मुलामुलींना मीही तेच सांगते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच राग दिसतो.

ती फाइल होती सेस्ना १७२एसची. चार आसनं, एक पिस्टन इंजिन, उड्डाणावेळचं कमाल वजन ११५७ किलो. मालक कराडकडचे बागायतदार, कोल्ड स्टोरेजचा धंदा, वयाच्या पन्नाशीत पायलटचं लायसन्स काढलेले. अमेरिकेतून जुनं विमान घेतलं होतं आणि ते कंटेनरमधून न्हावा-शेव्याला यायचं होतं. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, “मॅडम, नंबर नऊ बेरजेचा मिळंल न्हवं? आमच्या सगळ्या गाड्यांना तोच हाय.”

विमानाच्या नंबरात आपल्याकडे आकडाच नसतो, हे त्यांना समजावण्यात माझा सबंध फोन गेला. भारताचं चिन्ह व्हीटी, पुढे आडवी रेघ आणि तीन इंग्रजी अक्षरं. ही व्हीटी अक्षरं १९२७ च्या वॉशिंग्टनमधल्या रेडिओ परिषदेत ब्रिटिश हिंदुस्थानला मिळालेल्या संकेतांतली. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, त्या पुस मॉथ विमानावरही व्हीटी-एडीएन असंच होतं. अक्षरं ओळीने मिळतात. ओळ सोडून हवी असतील तर वेगळी फी भरून मागता येतात, पण क्यूने सुरू होणारी किंवा एसओएस, पॅन यांसारखी संकटाच्या हाकेशी घोळ करणारी मिळत नाहीत. साहेबांनी शेवटी नातवाची आद्याक्षरं मागितली.

नवीन माणसाचा पहिला गैरसमज हा की विमानाची नोंदणी म्हणजे मोठं आरटीओ. आरटीओ तुम्हाला गाडीचा मालक म्हणून ओळखतं. विमानाच्या नोंदणीत त्याआधी आणखी एक गोष्ट ठरते: विमानाचं राष्ट्रीयत्व. १९४४ च्या शिकागो कराराच्या सतराव्या कलमानुसार विमान जिथे नोंदलेलं, त्या देशाचं. अठरावं कलम सांगतं की एका वेळी दोन देशांत वैध नोंदणी असूच शकत नाही. आमच्या कामातली निम्मी डोकेदुखी या अठराव्या कलमातून येते. आधीच्या देशाने नाव कमी केल्याशिवाय आपण नाव चढवू शकत नाही, आणि नाव कमी झाल्यापासून आपण चढवेपर्यंत ते विमान कुठल्याच देशाचं नसतं, म्हणून उडूही शकत नाही. उडवत आणायचं असेल तर हा सगळा सांधा घड्याळ लावून जुळवावा लागतो. कंटेनरमधून येत असेल तर निदान तेवढी घाई नसते. असं मला वाटलं होतं.

आपल्याकडे नोंदणीचं काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं. मुख्यालय दिल्लीत, सफदरजंग विमानतळासमोर. नियम १९३७ चे विमान नियम, त्यातला तिसावा नियम नोंदणी प्रमाणपत्राचा, आणि तपशील सीएआरच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमावलीच्या, सेक्शन दोनमधल्या एफ मालिकेत. १९३४ चा मूळ कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला आहे, तेव्हा जुन्या नोट्स वाचताना तेवढं लक्षात ठेवा. अर्ज पूर्वी सीए-२८ या फॉर्मवर कागदी जायचा, नोव्हेंबर २०२१ मध्ये ईजीसीए पोर्टल सुरू झाल्यापासून बहुतेक व्यवहार तिथे. पोर्टलमुळे दिल्लीच्या खेपा वाचल्या, पण ‘क्वेरी’ नावाचं एक नवं भूत मानगुटीवर बसलं. सकाळी उठून आधी पोर्टल बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

अर्जासोबत काय लागतं? मालक भारतीय नागरिक किंवा भारतात नोंदलेली कंपनी असल्याचा पुरावा, खरेदीचा कागद म्हणजे बिल ऑफ सेल, आधीच्या देशातून नाव कमी केल्याचा दाखला, कस्टमची बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचा कागद, विमा, फी. विमान कोरं असेल तर नाव कमी केल्याच्या दाखल्याऐवजी ‘कुठेही नोंदलेलं नाही’ असा दाखला. यादी लहान दिसते. खरं काम यादीत नाहीच, सगळे कागद एकाच विमानाबद्दल बोलतायत का हे पाहण्यात आहे.

आमचे बोलत नव्हते.

सेस्ना १७२एसच्या अनुक्रमांकाची सुरुवातच १७२एस अशी होते आणि पुढे आकडे. अमेरिकेतल्या मध्यस्थाने बिल ऑफ सेल हाताने भरलं. त्याचा इंग्रजी ‘एस’ जरा ताठ होता. इन्व्हॉइस टाइप करणाऱ्याने तो पाच वाचला. इन्व्हॉइसवरून पॅकिंग लिस्ट, त्यावरून बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीची मालपावती, त्यावरून आपली बिल ऑफ एंट्री. सगळीकडे १७२५. मी माझा तक्ता कशावरून भरला? इन्व्हॉइसवरून, कारण ते टाइप केलेलं, वाचायला सोपं. अर्जातही तेच गेलं.

तिकडे एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, ओक्लाहोमा सिटीतल्या रजिस्ट्रीने एन नंबर, म्हणजे विमानाचा अमेरिकन नंबर, रद्द करून तसा निरोप थेट डीजीसीएला पाठवला. तो बरोबर होता, त्यात एस होता. झालं. पोर्टलवर एका ओळीची क्वेरी आली: रद्द झालेलं विमान आणि अर्जातलं विमान वेगळं दिसतं, खुलासा करावा. म्हणजे कागदोपत्री आमच्याकडे एक असं विमान होतं जे कधी बनलंच नव्हतं, आणि जे बनलं होतं ते कुठल्याच देशाचं नव्हतं.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढे. मालकांनी अमेरिकेत जाऊन विमान पाहिलं तेव्हा डेटा प्लेटचा फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. डेटा प्लेट म्हणजे कारखान्याने ठोकलेली धातूची पट्टी, तिच्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक. मी त्या फोटोला अंगठा दाखवून पुढे गेले होते. तो महिनाभर माझ्या फोनमध्ये पडून होता, एस अगदी ठळक.

दुरुस्तीला सहा आठवडे लागले. विकणाऱ्याकडून सुधारित बिल ऑफ सेल, इन्व्हॉइस नवं, शिपिंग लाइनकडून दुरुस्तीचं पत्र, आणि बिल ऑफ एंट्रीसाठी १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज. आमचे सीएचए, म्हणजे कस्टमचे एजंट, भले गृहस्थ, बंदरात केस पांढरे झालेले. म्हणाले, “अगं, कांद्याच्या कंटेनरला पण आम्ही पोत्यावरचा मार्का वाचतो.” कंटेनरचं भाडं रोज चढत होतं. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “आमच्या तलाठ्यानं सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव चुकवलं हुतं. एकवीस वर्सं गेली. तुमचे सहा आठवडे म्हंजी काय!”

तेव्हापासून माझी पद्धत एकच. कोरा कागद घ्यायचा आणि पहिली ओळ डेटा प्लेटच्या फोटोवरून लिहायची. मग इंजिनाची प्लेट. लायकमिंग इंजिनाच्या अनुक्रमांकाला मागे शेपूट असतं, या मॉडेलच्या इंजिनाला ‘-५१ई’, आणि लोक ते हमखास गाळतात. मग प्रोपेलर. त्यानंतरच बाकीचे कागद उघडायचे आणि प्रत्येकाला या ओळीसमोर उभं करायचं. उलट दिशेने कधीही नाही. आणि अक्षर-आकड्यांच्या जोड्या मोठ्याने वाचायच्या: एस-पाच, बी-आठ, ओ-शून्य. ऑफिसातले हसतात. हसू देत.

जुन्या अमेरिकन विमानात आणखी एक काटा असतो: बोजा. विकणाऱ्याच्या आधीच्या, त्याच्याही आधीच्या मालकाने काढलेलं कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवल्याचा कागद रजिस्ट्रीत गेलेलाच नसतो. निर्यातीसाठी नोंदणी रद्द करताना तो आडवा येतो. म्हणून पैसे देण्याआधी टायटल सर्च, म्हणजे मालकी आणि बोजाची तपासणी, करून घ्या, नंतर नव्हे. आणि तिकडच्या नोंदणी प्रमाणपत्राला मालकीचा पुरावा समजू नका, अमेरिकेत तो तसा नसतोच. मालकी बिल ऑफ सेलच्या साखळीतून सिद्ध होते.

कराबद्दल मालक पहिल्या दिवशी विचारतात आणि तुम्ही सीएकडे बोट दाखवायचं. तरी एवढं माहीत असू द्या: खासगी वापराच्या विमानावर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के उपकर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. हा आकडा ऐकून काही फाइली तिथेच मिटतात. मग कुणीतरी डोळा मारून म्हणतं, “भाड्याने देतो असं दाखवू की.” खासगी विमानात पैसे घेऊन माणूस नेता येत नाही. त्यासाठी वेगळं परमिट लागतं आणि त्याचा व्याप वेगळा. असल्या सूचनेला मी ऐकू आलं नाही असं करते.

प्रमाणपत्र हातात आलं की घरचे पेढे वाटतात. वाटू देत, पण विमान अजून उडणार नसतं. उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र आणि दर वर्षीचं एआरसी, म्हणजे त्याच्या फेरतपासणीचं प्रमाणपत्र, वेगळं, त्यासाठी पंख जोडून इंजिनियरने तपासलेलं विमान प्रत्यक्ष दाखवावं लागतं. रेडिओचा परवाना तर दुसऱ्याच मंत्रालयाचा, दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेचा. हा अर्ज लोक शेवटी करतात आणि मग हँगरमध्ये चकचकीत विमानाभोवती फेऱ्या मारतात. अक्षरं मिळाल्याच्या दिवशीच तो भरायला घ्या.

आणि दोन गोष्टी ज्या दिसत नाहीत म्हणून विसरल्या जातात. ट्रान्सपॉंडरमध्ये, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रात, चोवीस बिटांचा पत्ता असतो, तो देशागणिक ठरलेला. अमेरिकेचा ए अक्षराने सुरू होतो, आपला ८० ते ८३ ने. बाहेर व्हीटी रंगवलं आणि आत जुनाच पत्ता राहिला तर रडारला ते विमान अजून अमेरिकन. तसंच ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी, म्हणजे अपघातानंतर हाक देणारा बीकन. त्यात भारताचा ४१९ हा संकेत घालून घ्यायचा आणि बंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमध्ये जे केंद्र आहे तिथे त्याची नोंद करायची. नाहीतर डोंगरात पडलेल्या विमानाचा शोध टेक्सासमधल्या जुन्या मालकाच्या घरी फोन करून सुरू व्हायचा.

रंगकामाचा दिवस मात्र माझा आवडता. फ्यूजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, अक्षरं किमान ३० सेंटिमीटर उंच, डाव्या पंखाखाली किमान ५०. रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश, रेघेची जाडी उंचीच्या एक-षष्ठांश, नक्षी चालत नाही. साहेबांनी त्यांच्या ट्रॅक्टरचा पेंटर आणला होता. हात अप्रतिम, पण अक्षरांना सावली दिल्याशिवाय त्याला चैन पडेना. “ताई, नुसतं असं कसं सोडायचं? उघडं-वाघडं दिसतंय.” सावली पुसून घेतली. दाराजवळ अग्निरोधक धातूची छोटी पट्टी बसवली, तिच्यावरही तीच अक्षरं. सगळं जळालं तरी ती उरावी म्हणून. पेंटरला हे कारण सांगितल्यावर तो जरा गप्प झाला.

स्वतः विमान बांधणाऱ्यांची वाट याहून बिकट. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव महाराष्ट्राला माहीत आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान बीकेसीत लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी. जिथे कारखान्याची डेटा प्लेटच नसते, तिथे पहिली ओळ कुठून लिहायची, हा प्रश्न मी अनेकदा मनात घोळवला आहे.

या कामात यायचं असेल तर एएमई लायसन्स हवंच असं नाही, पण असेल तर लॉगबुक वाचताना फरक पडतो. पगार सुरुवातीला बेताचा. एअरलाइनच्या टेक्निकल रेकॉर्ड्स विभागात जास्त मिळतो, मात्र तिथे तुमच्या वाट्याला एकाच प्रकारचा कागद वर्षभर येऊ शकतो. छोट्या ऑफिसात एका विमानाचं सगळं बारसं तुम्हीच करता. भाड्याच्या किंवा कर्जाच्या विमानांत रस असेल तर केपटाऊन करार, म्हणजे अशा विमानांवरचे सावकार-मालकांचे हक्क ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार, आणि २०२५ चा त्यावरचा आपला कायदा वाचून काढा. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंद पडलेल्या गो फर्स्ट एअरलाइनची ५४ विमानं नोंदणीतून काढायला सांगितली, तेव्हा या कागदांना किती वजन असतं ते सगळ्या क्षेत्राने पाहिलं.

साहेबांचं विमान उडायला लागून वर्ष झालं असेल. दुपारी फोन आला. “मॅडम, सीए म्हणतोय विमान कंपनीच्या नावावर घ्या. नुसतं नाव बदलायचं, दोन दिवसांचं काम ना?” मालक बदलला की प्रमाणपत्र नवं, अर्ज नवा, बिल ऑफ सेल नवं. मी म्हटलं, “साहेब, आधी हँगरमध्ये जा आणि डेटा प्लेटचा फोटो पाठवा.”

“मागं पाठवला हुता की!”

“परत पाठवा.”

पाचच मिनिटांत आला. या वेळी अंगठा दाखवला नाही.