पुरात भात गेले, तर मदतीचा अर्ज कसा करावा

शेतात पाणी शिरले की प्रथम भात आवरायला धावू नये. त्याआधी आडव्या पडलेल्या पिकाची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांत बांध, माड किंवा पंपघर अशी एखादी ठळक खूण दिसेल असे पाहावे, कारण नुसत्या चिखलाच्या चित्रावरून ते शेत कोणाचे, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यानंतर आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात लेखी कळवून पोचपावती घ्यावी आणि पाहणीच्या दिवशी स्वतः शेतावर हजर राहावे.

गोव्यात यासाठी ‘शेतकरी आधार निधी’ ही योजना आहे. अर्जासोबत कृषी कार्ड, आधार आणि बँक पासबुकाची प्रत हाताशी ठेवावी.

खरी अडचण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे हे दाखवणाऱ्या सरकारी नोंदीवर येते. सत्तरी-डिचोली तालुक्यांत पुष्कळदा तेथे आजोबांचे नाव असते आणि कसणारा नातू असतो. अशा वेळी सहहिस्सेदारांची लेखी संमती आधीच मिळवावी, चतुर्थीला सगळे घरी जमतात तेव्हा हे काम सोपे जाते. केंद्राच्या आपत्ती निकषांनुसार मदतीसाठी पिकाची हानी किमान ३३ टक्के असावी लागते, म्हणून पंचनाम्यातील टक्केवारी वाचल्याशिवाय सही करू नये.