सतराव्या शतकातील जहाजाच्या कप्तानाची जबानी कशी वाचावी

लंडनच्या ॲडमिरल्टी न्यायालयात, म्हणजे सागरी दाव्यांच्या न्यायालयात, सतराव्या शतकात व्यापारी जहाजांच्या शेकडो कप्तानांच्या जबान्या नोंदवल्या गेल्या. त्या आज क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एचसीए १३’ (एचसीए म्हणजे हाय कोर्ट ऑफ ॲडमिरल्टी) या मालिकेत जतन केलेल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच, विशेषतः १६५० च्या दशकातल्या, जबान्यांचे वाचन स्वयंसेवकांनी करून ते सर्वांसाठी खुले केले आहे. मोडी कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला या जबान्या परक्या वाटणार नाहीत, परंतु त्या वाचण्याची शिस्त थोडी वेगळी आहे.

जबानी हाती आली की प्रथम प्रश्न शोधावेत आणि मगच उत्तरांकडे वळावे. हे न्यायालय रोमन परंपरेच्या कायद्याने चालत असे. दिवाणी स्वरूपाच्या या दाव्यांत ज्यूरी नसे, आणि दोन्ही पक्षांचे वकील लिहून देत त्या कलमांनुसार साक्षीदाराला एकांतात विचारले जाई. त्यामुळे आपल्यासमोर असतो तो संवादाचा अर्धाच भाग. वादीची कलमे ‘एचसीए २४’ मध्ये आणि उलटतपासणीचे प्रश्न ‘एचसीए २३’ मध्ये सापडू शकतात. ते न मिळाल्यास ‘पाचव्या कलमाला उत्तर देताना तो म्हणतो’ अशा प्रत्येक नोंदीसमोर, उत्तरावरून अनुमान करून, मूळ प्रश्न आपल्या शब्दांत लिहून काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर कप्तान आपणहून बोलत असल्याचा भास होतो आणि सगळा अर्थ बिघडतो. मजकूर तृतीयपुरुषी आहे आणि वाक्यरचना लेखनिकाची आहे, हेही ध्यानात ठेवावे. डच किंवा जर्मन कप्तान असेल तर मध्ये दुभाषाही असे.

त्यानंतर शीर्षभाग पाहावा. त्यात नाव, राहण्याचा परगणा, व्यवसाय आणि ‘सुमारे’ या शब्दासह वय दिलेले असते. लंडनचे कप्तान बहुधा वॉपिंग, लाइमहाउस, रॅटक्लिफ किंवा रॉदरहाइथ या टेम्सकाठच्या वस्त्यांतले असत. पुढे आपला प्रश्न असा असावा: या माणसाचा निकालात काही स्वार्थ आहे काय? कप्तान अनेकदा जहाजाच्या आठव्या, सोळाव्या किंवा बत्तिसाव्या हिश्शाचा धनी असे. शिवाय जहाजाने भाडे कमावले तरच खलाशांना पगार मिळे. म्हणून मालाची नासाडी वादळामुळे झाली की पाणी आत येऊ देणाऱ्या जुन्या फळ्यांमुळे, या प्रश्नावर एका जहाजाचे लोक एका सुरात बोलले तर त्यात नवल नाही.

सर्वांत समृद्ध साक्षी युद्धात पकडलेल्या जहाजांच्या आहेत. १६५२ ते १६५४ या पहिल्या इंग्लिश-डच युद्धात कोणते जहाज आणि कोणता माल शत्रूचा, हे ठरवणे आवश्यक होते. म्हणून कप्तानाला ठरावीक प्रश्न विचारले जात: तुझा जन्म कोठे झाला, कुटुंब कोठे राहते, तुला कप्तान कोणी नेमले, जहाज कोठे बांधले गेले, मालक कोण आणि ते कोणत्या राज्याचे प्रजाजन, माल कोणी भरला आणि कोणाला पोचवायचा होता, पकडले जाण्यापूर्वी कागद समुद्रात टाकले काय. याच काळात स्पेनच्या कादिस बंदरातून चांदी घेऊन निघालेली सॅमसन, साल्व्हादोर आणि सेंट जॉर्ज ही जहाजे इंग्रजांनी पकडली, आणि ती चांदी खरोखर कोणाची यावर मोठा वाद चालला. अशा प्रकरणात उत्तरातली क्रियापदे रंगीत शाईने अधोरेखित करावीत. ‘त्याला माहीत आहे’, ‘त्याने ऐकले आहे’ आणि ‘त्याचा विश्वास आहे’ हे तीन निरनिराळे दर्जे आहेत, आणि माहितीचे कारण (‘कारण तो तेव्हा जहाजावर हजर होता’) बहुधा लगेच पुढे दिलेले असते. मालकाचे नाव विचारताच कप्तान माहितीवरून विश्वासावर उतरला, तर तेथे थांबून विचार करावा. तटस्थ बंदराच्या नावावर शत्रूचा माल नेण्याची प्रथा तेव्हा सर्रास होती.

तारखांबाबत विशेष दक्षता हवी. इंग्लंडात जुने ज्युलियन पंचांग होते आणि वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून ‘१० जानेवारी १६५२’ ही तारीख आपल्या हिशेबाने १६५३ सालातली असते. ॲम्स्टरडॅम आणि स्पेनची तारीख मात्र दहा दिवस पुढे असे. म्हणून माल भरल्याची स्पॅनिश तारीख आणि जहाज पकडल्याची इंग्रजी तारीख एका रांगेत मांडण्यापूर्वी दोन्ही एका पंचांगात आणाव्यात.

मालाची मापे वस्तूगणिक बदलतात. दोन पाइप किंवा चार हॉग्जहेड (ही पिंपांची मापे) मद्य म्हणजे एक टन, मात्र व्हर्जिनियाच्या तंबाखूचा हॉग्जहेड म्हणजे ठरावीक वजन नव्हे. ‘दोनशे टनांचे जहाज’ म्हटले असेल तर ते सामावू शकणाऱ्या मालाचे माप आहे. जहाजाचे स्वतःचे वजन त्यात येत नाही.

आपल्या किनाऱ्याचा उल्लेख आला तर स्थळनाव उच्चारून पाहावे. इंग्रजी लेखनिक ऐकले तसे लिहीत, त्यामुळे दाभोळ ‘डाबुल’ होते. १६३६ मध्ये इंग्रज कॅप्टन जॉन वेडेलची जहाजे गोव्याच्या दिशेने निघाली. अशा मोहिमांच्या कागदांत कोकणातली बंदरे ओळखून काढण्याचे काम मराठी वाचक सहज करू शकेल.

शेवटी एकाच जहाजाच्या सर्व साक्षी शेजारी ठेवाव्यात. कप्तान, सुकाणूवाला आणि साधा खलाशी यांची उत्तरे शब्दशः सारखी आली, तर ते शब्द बहुधा वकिलाच्या कलमातून आलेले असतात. एखाद्या खलाशाने विचारले नसताना जहाजातले पाणी उपसण्याच्या पंपावर किती वेळ उभे राहावे लागले ते सांगितले असेल, तर त्या ओळीला अधिक वजन द्यावे. तळाशी सही आहे की नुसती खूण, आणि जबानी न्यायाधीशासमोर पुन्हा वाचून कायम केल्याची नोंद आहे की नाही, हेही टिपून ठेवावे. पकडलेल्या जहाजाचे बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती), पत्रे आणि परवाने ‘एचसीए ३२’ मध्ये उरलेले असल्यास, कप्तानाने सांगितलेला प्रत्येक माल त्या कागदांशी ताडून पाहावा.