इंटर्नलला टेस्ट की प्रोजेक्ट? नवीन सीएचबीवाल्यांसाठी

कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, नवीन लागलात ना, मग दुसऱ्याच आठवड्यात पोरं विचारणार, सर इंटर्नलला टेस्ट की प्रोजेक्ट, आणि तुम्ही घाईत प्रोजेक्ट म्हणून मोकळे होणार. तसं करू नका. मी दापोलीकडे इकॉनॉमिक्स शिकवतो, पहिल्या वर्षी 'भारतीय शेतीच्या समस्या' विषय दिला तर साठातल्या चाळीसेक फायली एकाच झेरॉक्सच्या दुकानातून निघालेल्या, एकीवर तर मागच्या बॅचच्या पोरीचं नाव खोडायचं पण राहिलेलं.

आधी ठरवा, तपासायचंय काय. जे डोक्यात पक्कं हवंच, मागणीची लवचिकता, निर्देशांक काढणं, हेक्टरचे गुंठे करणं, त्याला सरळ वर्गात बसवून टेस्ट घ्या, अर्ध्या तासात कोणाला येतं कोणाला नाही ते कळतं. पण चार माणसांना भेटून, आकडे जमवून, त्यावर डोकं चालवून लिहिणं हे टेस्टमध्ये होत नाही, ते हवं असेल तरच प्रोजेक्ट.

आणि विषय वाडीतलाच द्या. मी हल्ली निसर्ग वादळ देतो, ३ जून २०२० चं. तुमच्या वाडीत नारळ-सुपारी किती पडली, भरपाई किती आली, परत लावली का, एवढंच. सरकारने आधी बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केलेले, ऐकायला बरं वाटतं, पण आपल्या बागा गुंठ्यातल्या, हेक्टरला १०० गुंठे धरले तर गुंठ्याला ५०० रुपये. एका पोराने आजीला विचारलं तर ती म्हणाली, "दहा गुंठ्यांचे पाच हजार, पडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाच त्याच्यावर मजुरी गेली." नुसतं गुणाकार-भागाकार टेस्टमध्ये विचारता येतो हो, पण ही आजी टेस्टमध्ये येत नाही. चॅटजीपीटीकडून लिहून आणलेल्यातही नसते, लगेच ओळखू येतं.

मार्क तोडून द्या. २० असतील तर ५ कच्च्या टिपणाला (कोणाला भेटलो, कधी, काय बोलले, हाताने लिहिलेलं), १० फायनलला, ५ तोंडी. फायनल सहा पानांच्या वर नको, स्पायरल बाइंडिंगला मार्क नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. तोंडीला माणशी पाच मिनिटं धरली तरी साठ पोरांचे पाच तास जातात, आणि आपल्याला पैसे तासिकेचे, तपासायचे कोणी देत नाही, म्हणून वर्ग मोठा असेल तर प्रोजेक्ट वर्षातून एकदाच, बाकी टेस्ट.

तारीख गणपतीच्या आधीची द्या, नाहीतर घरचे मुंबईकर परत गेल्याशिवाय पोरं कॉलेजकडे फिरकत नाहीत. दुसऱ्या सेमला मार्चच्या आत उरका, एप्रिलमध्ये निम्मा वर्ग आंबा काढायला बागेत असतो.