जुनाट विषाणूसंसर्ग आणि पुरुषांची प्रजननक्षमता : या चुका टाळा

हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, एचआयव्ही किंवा एचपीव्ही यांपैकी एखादा विषाणू अंगात असल्याचे ठाऊक असते आणि मूल होण्यासाठी तपासण्या सुरू झाल्या की सगळ्या अडचणींचे खापर त्याच्यावरच फोडले जाते. या संसर्गांमुळे शुक्राणूंची हालचाल मंदावू शकते, संख्या घटू शकते, एचपीव्ही तर शुक्राणूच्या डोक्याला चिकटलेला आढळतो, हे खरे आहे. परंतु संसर्ग असणे म्हणजे वंध्यत्व नव्हे. टाळता येण्याजोगे नुकसान होते ते बहुधा घाईने काढलेल्या निष्कर्षांमुळे.

पहिली घाई एकाच वीर्यतपासणीवरून निर्णय करण्याची. शुक्राणू तयार होण्यास सुमारे 74 दिवस लागतात आणि त्यानंतर ते परिपक्व होण्यास आणखी काही दिवस जातात. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेल्या तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो, आणि तो जुन्या विषाणूचा परिणाम समजला जातो. रिपोर्ट खराब आल्यास साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. त्याआधी 2 ते 7 दिवस वीर्यपतन झालेले नसावे, वंगण वापरू नये आणि नमुना बाहेरून नेत असल्यास अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा. सुरुवातीचा भाग सांडला असेल तर संकोचापोटी ते लपवू नये, कारण शुक्राणूंचा मोठा वाटा त्या पहिल्या थेंबांतच असतो आणि उरलेल्या नमुन्याची संख्या विनाकारण कमी भरते.

सर्वांत घातक चूक म्हणजे ‘औषधांमुळे काउंट कमी होतो’ असे ऐकून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करणे. उपचार थांबले की विषाणू पुन्हा वाढतो, प्रकृती ढासळते आणि पत्नीला संसर्ग होण्याचा धोका निर्माण होतो. याउलट, नियमित उपचाराने ज्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली आले आहे आणि तसेच टिकून आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. म्हणजे जे औषध अडसर वाटते, त्यामुळेच नैसर्गिकरीत्या मूल होण्याचा मार्ग सुरक्षित होतो. हेपॅटायटिस सी मात्र आता बहुतेकांमध्ये 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, म्हणून हा उपचार आधी पूर्ण करावा. त्यात रिबाविरिन हे औषध असेल तर ते संपल्यानंतरही किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. ही सूचना अनेकदा राहून जाते, तेव्हा ती डॉक्टरांना आवर्जून विचारावी.

वीर्याच्या रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स’ (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) लिहिलेले दिसले की अँटिबायोटिकचे एकामागून एक कोर्स घेतले जातात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हा एक भाग. दुसरा असा की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोल पेशी दरवेळी पांढऱ्या पेशीच असतात असे नाही, अर्धवट वाढलेल्या शुक्राणुपेशीही तशाच दिसतात. त्या वेगळ्या ओळखणारी पेरॉक्सिडेज चाचणी करून मगच औषधाचा विचार व्हावा.

यकृताच्या जुन्या आजारात किंवा एचआयव्हीमध्ये थकवा येतो, टेस्टोस्टेरॉन कमी निघते आणि त्याची इंजेक्शने सुरू होतात. बाहेरून हे संप्रेरक मिळू लागले की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणूंची संख्या अगदी शून्यापर्यंत उतरू शकते. इंजेक्शने बंद केल्यावरही ती सावरायला कित्येक महिने लागतात. मूल हवे असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगितले, तर दुसरे उपाय निवडता येतात.

एखाद्या विषाणूची आयजीजी (रक्तातील प्रतिपिंडांची) चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून विषाणूविरोधी गोळ्या घेणेही चुकीचे, कारण ती चाचणी बहुधा केवळ पूर्वी कधीतरी झालेला संपर्क दाखवते. विषाणूवरच लक्ष खिळल्याने व्हेरिकोसीलसारखे (वृषणाजवळच्या शिरा फुगणे) उपचार करता येण्याजोगे कारण मागे पडते, म्हणून वृषणांची प्रत्यक्ष तपासणी युरॉलॉजिस्टकडून करून घ्यावीच.

पतीला हेपॅटायटिस बी असेल तर पत्नीची तपासणी आणि लसीकरण गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी व्हावे. बाळाला हा संसर्ग मुख्यतः आईकडून होतो. लसीचे डोस साधारणपणे आरंभी, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात दिले जातात. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून ती 10 mIU/mL किंवा अधिक असल्याची खात्री करावी आणि तोपर्यंत निरोध वापरावा.